अरेंजर कीबोर्डवर आपले टोन साठवताना: कार्यक्रमात नव्याने बसणाऱ्या वादकांसाठी

घरी हात चांगला बसलेला असतो, सरगम आणि अलंकार पक्के असतात, गाणीही वाजतात. तरी ऑर्केस्ट्राच्या पहिल्या रिहर्सलला नवा कीबोर्डवादक गडबडतो, कारण बासरीचा टोन (वाद्याचा आवाज) सोडून व्हायोलिन शोधेपर्यंत गायक अंतऱ्यावर पोहोचलेला असतो. यावरचा उपाय कीबोर्डमध्येच असतो: सगळी मांडणी आधी साठवून ठेवायची आणि एका बटणाने परत आणायची. यामाहा त्याला रजिस्ट्रेशन मेमरी म्हणते, कोर्गच्या पीए मालिकेत तेच काम कीबोर्ड सेट आणि साँगबुक करतात. हे वापरायचे कसे, हे पुस्तिकेत लिहिलेले असते. काय साठवायचे आणि काय मुद्दाम साठवायचे नाही, ते मात्र तिथे मिळत नाही. मी भावगीते, लोकगीते आणि लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमांना साथ करत आलो आहे, त्यातून जे कळले ते इथे सांगतो.

माझी उदाहरणे मुख्यतः यामाहाच्या पीएसआर-एसएक्स९०० या मॉडेलची आहेत. २०१९ साली आलेला हा अरेंजर कीबोर्ड, म्हणजे तालाची साथ स्वतः देणारा कीबोर्ड, आपल्याकडच्या बऱ्याच वादकांकडे दिसतो. त्यावर रजिस्ट्रेशनची आठ बटणे आहेत. टोन, त्यांचे आवाज, इफेक्ट, रिदमची स्टाइल (कीबोर्ड स्वतः वाजवतो तो ठेका आणि साथ), टेम्पो म्हणजे लय अशी सगळी मांडणी एकदा लावली, मेमरी हे बटण दाबले आणि मग आठांपैकी एक क्रमांक दाबला की ती त्या बटणावर बसते. आठ बटणे मिळून एक बँक होते आणि ती फाइल म्हणून साठवायची असते. ही दुसरी पायरी नवे लोक विसरतात. बटण लाल झाले म्हणजे काम झाले असे वाटते, पण फाइल न करता दुसरी बँक उघडली की आधी बसवलेले सगळे जाते.

आता मुद्द्याचे. मेमरी दाबल्यावर पडद्यावर खुणांची एक यादी येते: स्टाइल, टोन, टेम्पो, ट्रान्सपोज (त्याच पट्ट्या दाबून सगळे सूर वर-खाली नेणे), मल्टिपॅड (बटणावर वाजणारे छोटे तयार तुकडे) वगैरे. ज्यावर खूण असेल तेवढेच साठवले जाते. बहुतेक जण ती यादी न वाचता पुढे जातात. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथेच करायला हवा. बटण बदलल्यावर गाण्यात काय बदलायला हवे आणि काय जागचे हलता कामा नये, हे आधी ठरवा आणि त्याप्रमाणे खुणा ठेवा.

ट्रान्सपोजचेच घ्या. एखादे गाणे तुम्ही गायकाच्या काळी एक पट्टीत (सा पहिल्या काळ्या पट्टीवर) बसवले आणि ट्रान्सपोजसकट साठवले. पुढच्या कार्यक्रमात तेच गाणे गायिकेला पांढरी चारमध्ये हवे आहे. तुम्ही सुरुवातीला ट्रान्सपोज चार सेमीटोन (अर्धे स्वर) वर नेता, मुखडा नीट जातो, आणि मग इंटरल्यूडसाठी, म्हणजे मधल्या वाद्यांच्या तुकड्यासाठी, दुसरे बटण दाबता. त्या बटणात जुना ट्रान्सपोज साठवलेला असतो, त्यामुळे पीस काळी एकमध्ये वाजतो. गायिकेचा चेहरा आणि प्रेक्षकांची कुजबुज, दोन्ही एकाच क्षणी कळतात. म्हणून ट्रान्सपोजवरची खूण मी काढून टाकतो आणि पट्टी कार्यक्रमाच्या वेळी हाताने लावतो. जुन्या बँकांमध्ये ट्रान्सपोज साठवलेला असेलच, तर फ्रीझ हे बटण उपयोगी पडते. फ्रीझमध्ये जो गट निवडला असेल तो बटणे बदलली तरी हलत नाही.

स्टाइल आणि टेम्पोचे उत्तर तुम्ही कुठे वाजवता त्यावर आहे. हॉटेलात किंवा छोट्या समारंभात एकटेच वाजवत असाल तर रिदम कीबोर्डचाच असतो, मग दोन्ही साठवायलाच हवेत. तबला, ढोलकी आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) सोबत असतील तर स्टाइलची खूण काढा. कीबोर्डने अचानक स्वतःचा ठेका सुरू करावा, हे ढोलकीवाल्याला कधीच आवडत नाही, आणि त्याचे बरोबर आहे.

एका भावगीतासारख्या गाण्याची माझी मांडणी अशी असते. एक क्रमांकाच्या बटणावर प्रस्तावना: उजव्या हाताला बासरी, डाव्याला मंद स्ट्रिंग्ज. दोनवर मुखडा: फक्त स्ट्रिंग्ज, आवाज इतका खाली की गाणाऱ्याच्या शब्दांना धक्का लागू नये. तीनवर पहिल्या इंटरल्यूडचे व्हायोलिन सेक्शन, चारवर अंतऱ्यातल्या भरावासाठी सतार किंवा संतूर. पाचवर दुसरा इंटरल्यूड, सहावर शेवटचा पीस. सात मोकळे ठेवतो. आठवर प्रत्येक बँकेत एकच मांडणी असते, साधा पियानो आणि सोबत हलक्या स्ट्रिंग्ज. गायकाने ओळ चुकवली, निवेदकाने मध्येच काही बोलायला घेतले किंवा अनपेक्षित गाण्याची फर्माईश झाली की डोळे न वळवता बोट आठवर जाते. ही सवय मी प्रत्येक नव्या वादकाला आग्रहाने सांगतो.

प्रत्येक बदलासाठी नवे बटण खर्च करायची गरज नसते. एसएक्स९०० वर उजव्या हाताचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकाला चालू-बंद करायचे वेगळे बटण आहे. पहिल्या भागात बासरी, दुसऱ्यात व्हायोलिन ठेवले की दोन ओळींचे सवाल-जवाब त्या बटणांवरच वाजतात. रजिस्ट्रेशन बदलताना इफेक्टही बदलत असेल तर धरून ठेवलेल्या सुराची शेपटी मध्येच तुटू शकते. म्हणून बटण दाबायचे ते दोन ओळींमधल्या श्वासाच्या जागी. रिहर्सलमध्ये मी स्वरांइतकाच त्या जागांचा सराव करतो.

इफेक्टबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे गोंधळ जास्त होतो. रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (आवाज भरदार करणारा इफेक्ट) हे सगळ्या भागांत सामाईक असतात. रिव्हर्बचा प्रकार एकच, प्रत्येक टोनमधून त्यात किती पाठवायचे एवढेच वेगळे ठरवता येते. बासरीसाठी मोठ्या हॉलचा आणि पियानोसाठी लहान खोलीचा रिव्हर्ब एकाच वेळी मागू नका. डीएसपी म्हणजे एकेका टोनवर बसणारा खास इफेक्ट: गिटारला डिस्टॉर्शन, ऑर्गनला फिरत्या स्पीकरचा, सतारीला डिले (मागून येणारा प्रतिध्वनी). यातली अडचण अशी की नवा टोन निवडला की त्याच्यासोबत कंपनीने ठरवलेला इफेक्ट आपोआप येतो आणि तुम्ही लावलेला पुसला जातो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी टोन, मग आवाजाची पातळी, मग इफेक्ट, मग पिच बेंडचा पल्ला (चाक फिरवल्यावर सूर किती वर-खाली सरकेल तो), आणि सगळ्यात शेवटी मेमरी. सनई किंवा सारंगीच्या मींडेसाठी (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) पिच बेंडचा पल्ला नेहमीच्या दोन सेमीटोनपेक्षा जास्त लागतो. तो त्या भागापुरताच वाढवा, नाहीतर पियानोवर चाकाला चुकून हात लागला तरी सूर भलतीकडे जातो.

रिव्हर्ब किती ठेवायचा? हेडफोनवर छान वाटतो त्यापेक्षा कमी. नाट्यगृहाला स्वतःचा घुमारा असतो, त्यात तुमचा रिव्हर्ब मिसळला की बासरी लांबून आल्यासारखी ऐकू येते. गणपतीच्या मंडपात किंवा मैदानावर घुमारा नसतो, पण तिथे साउंडवाले मिक्सरवर रिव्हर्ब वाढवू शकतात. कीबोर्डमधून गेलेला जास्तीचा रिव्हर्ब काढून टाकणे त्यांच्या हातात नसते. आणखी एक गोष्ट बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी कीबोर्डला एकच केबल मिळते. ती डाव्या आउटपुटला लावली की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन जातो, आणि उजवीकडून डावीकडे फिरणाऱ्या डिलेची सगळी मजा सपाट होते. असे इफेक्ट घरी एका केबलवर ऐकून मगच ठेवा.

आवाजाच्या पातळ्या हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. एकेक टोन सुटा ऐकून ठरवलेली पातळी कार्यक्रमात कामाची नसते. मी बटणे एकापाठोपाठ दाबत, त्याच ताकदीने तोच स्वर वाजवत जातो. मुखड्याच्या स्ट्रिंग्जवरून इंटरल्यूडच्या व्हायोलिनवर जाताना आवाज उठायला हवा, पण साउंडवाल्याचा हात फेडरकडे (मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाकडे) जावा इतका नाही. सतार, संतूर असे टोचणारे टोन हेडफोनवर लहान वाटतात आणि स्टेजच्या स्पीकरवर कानात घुसतात. ते थोडे खालीच ठेवा. एखाद्या रिहर्सलला तुमच्या आणि दुसऱ्या कीबोर्डवादकाच्या स्ट्रिंग्ज एकत्र ऐका. दोघेही तेच वाजवत असतील तर एकाने पूर्ण बाजूला व्हावे. कोणी काय साठवायचे हे दोघांनी मिळून ठरवले की आवाज लगेच मोकळा होतो.

हात दोन्ही अडकलेले असतील तर बटणे पायाने बदलता येतात. रजिस्ट्रेशन सीक्वेन्समध्ये क्रम लिहून ठेवायचा, उदाहरणार्थ १, २, ३, २, ४, २, ५, ६, आणि पेडलला पुढे जाण्याचे काम द्यायचे. मुखडा परत येतो तेव्हा दोन क्रमांकही परत येतो, त्यासाठी वेगळे बटण लागत नाही. क्रम संपल्यावर काय व्हावे हेही निवडता येते: तिथेच थांबणे, पहिल्यावर परत जाणे किंवा पुढची बँक उघडणे. मी पहिल्यावर परत जाणे निवडतो, कारण वन्समोअर आला की पेडल एकदा दाबून प्रस्तावनेची बासरी तयार असते. क्रम बँकेच्या फाइलमध्येच राहतो, म्हणून तो ठरवल्यावर बँक पुन्हा साठवा.

बँकेला नाव गाण्याचे द्या, कार्यक्रमातल्या क्रमांकाचे नको. कार्यक्रमाचा क्रम तासभर आधीही बदलतो. क्रमासाठी एसएक्स मालिकेत प्लेलिस्ट आहे, तिच्यात गाण्यांच्या बँका हव्या तशा वर-खाली करता येतात. नावे रोमन अक्षरांत लिहावी लागतात, तेव्हा स्पेलिंगची एक पद्धत धरा आणि ती सोडू नका. प्लेलिस्टमध्ये फक्त फाइलचा पत्ता असतो. पेन ड्राइव्हवरच्या स्टाइलबद्दलही तसेच, रजिस्ट्रेशनमध्ये तिचे फोल्डर आणि नाव एवढेच लिहिले जाते. फोल्डरचे नाव बदलले की बटण दाबल्यावर टोन येतो, स्टाइल येत नाही. माझी सगळी फोल्डरे एकदाच ठरलेली आहेत.

सुरुवातीला इतका महागडा कीबोर्ड घेण्याची गरज नाही. पीएसआर-ई४६३ सारख्या साध्या मॉडेलवर चार बटणे आणि आठ बँका, म्हणजे बत्तीस जागा मिळतात. एका बँकेत एक गाणे धरले तर छोट्या कार्यक्रमाची मुख्य गाणी बसतात, आणि चारच बटणांत गाणे मांडायची सवय पुढे मोठ्या कीबोर्डवरही उपयोगी पडते. कोर्ग पीए७०० किंवा पीए१००० वर असाल तर गाण्यागणिक साँगबुकची नोंद करा. तिच्यात स्टाइल, टेम्पो आणि टोनची मांडणी एकत्र राहते. यामाहाच्या फ्रीझसारखे काम तिथे कुलपाची खूण करते.

शेवटी प्रती. बँका कीबोर्डच्या आतही ठेवा आणि पेन ड्राइव्हवरही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पूर्ण बॅकअप घ्या. भाड्याच्या कीबोर्डवर वाजवणार असाल तर तेच मॉडेल आहे का हे फोनवर आधी विचारा, कारण एका मॉडेलची बँक दुसऱ्यावर उघडली तरी टोन तोच आणि तसाच मिळेल असे नाही. दुसऱ्याच्या कीबोर्डवर तुमच्या बँका पेन ड्राइव्हवरूनच उघडा, त्याच्या साठवणीला हात लावू नका. बऱ्याच यामाहा कीबोर्डवर सगळ्यात उजवीकडची पांढरी पट्टी दाबून वीज चालू केली की सेटिंग्ज मूळ स्थितीत जातात, त्यामुळे चालू करताना पट्ट्यांवर केबल, कव्हर किंवा वही पडलेली नाही ना, एवढे बघा. आणि प्रत्येक गाण्याचे टोन, पातळ्या, रिव्हर्ब, पिच बेंड आणि गायकाची पट्टी एका वहीत लिहा. पेन ड्राइव्ह उघडला नाही तर त्या वहीवरून साउंड चेकच्या वेळात निदान पहिली काही गाणी पुन्हा बसवता येतात.