मॉडेल चेकर मेमरी खातोय? मॉडेल लिहितानाच या चुका टाळा

मॉडेल चेकर म्हणजे यंत्रणेचं मॉडेल घेऊन तिच्या शक्य त्या सगळ्या अवस्था तपासणारं सॉफ्टवेअर. त्याची पडताळणी रात्रभर चालते आणि सकाळी बघावं तर मेमरी संपल्याचा संदेश. मग मागणी ठरलेली: जास्त रॅमचं मशीन हवं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलचं लॉजिक लिहिणाऱ्यांकडून आणि बेळगाव, निपाणीकडच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांकडून हे मी नेहमी ऐकतो. पण रॅम दुप्पट केली तर फार तर दुप्पट स्टेट (मॉडेलमधल्या सगळ्या व्हेरिएबलच्या किमतींची एकेक जुळणी) मावतात, आणि मॉडेलमध्ये एक बिट वाढला तरी स्टेट दुप्पट होऊ शकतात. मेमरी वाचवायची जागा मॉडेलमध्येच आहे.

खरे आकडे जसेच्या तसे भरणे

सगळ्यात महागडी चूक ही. टिळकवाडीचं रेल्वे गेट घेऊ, बेळगावकरांना ते वेगळं सांगायला नको. प्रत्यक्षातलं इंटरलॉकिंग (गेट आणि सिग्नल एकमेकांशी बांधून ठेवणारी यंत्रणा) बरंच गुंतागुंतीचं असतं, पण शिकण्यापुरतं छोटं मॉडेल करू. प्रश्न एकच: गाडी गेटवर असताना गेट उघडं राहू शकतं का?

बहुतेक जण गाडीचं अंतर मीटरमध्ये ० ते २०००, टायमर सेकंदांत ० ते ३००, गेटच्या चार स्थिती आणि सिग्नलच्या दोन असं लिहून मोकळे होतात. २००१ × ३०१ × ४ × २, म्हणजे ४८ लाखांहून अधिक स्टेट. दुसऱ्या रुळावर दुसरी गाडी आणली की आकडा ९६४ कोटींवर जातो. एका स्टेटला ४० बाइट धरले तर ३८५ जीबी झाले. यातल्या सगळ्या स्टेटपर्यंत मॉडेल पोचत नाही हे खरं, पण निम्म्या पोचल्या तरी लॅपटॉप संपला.

आता प्रश्नाकडे परत बघा. त्यात मीटर कुठे आहे? गाडी दूर, जवळ, गेटवर किंवा पुढे गेलेली, एवढ्या चार जागा पुरतात. गाडी 'जवळ' किती वेळ राहील हे मॉडेलने ठरवूच नये. राहू दे किंवा पुढे जाऊ दे, दोन्ही वाटा मोकळ्या ठेवा. दोन गाड्यांसह ४ × ४ × ४ × २, म्हणजे जास्तीत जास्त १२८ स्टेट.

टायमर काढताना मात्र थांबून विचार करा. गेट बंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, सिग्नल हिरवा असताना गेट उघडत नाही आणि गाडी लाल सिग्नल ओलांडत नाही, अशी रचना असेल तर नुसता क्रम पुरतो, सेकंद लागत नाहीत. पण 'गाडी पोचायच्या आत गेट पडलेलं असेलच' या भरवशावर रचना उभी असेल, तर वेळ हाच प्रश्नाचा गाभा आहे. तिथे एकेक सेकंद मोजणारा टायमर लिहिण्यापेक्षा अपालसारखं (UPPAAL), वेळेची मॉडेलं तपासणारं टूल घ्या. ते घड्याळांमधल्या फरकांच्या मर्यादा एकत्र साठवतं, प्रत्येक सेकंदाची वेगळी स्टेट करत नाही.

मॉडेल असं सैल केलं की कधी कधी प्रत्यक्षात घडूच शकत नाही असा काउंटर एग्झाम्पल (अट मोडणारा पायऱ्यांचा मार्ग) हाती येतो. लगेच सगळे मीटर परत आणू नका. तो मार्ग पायरीपायरीने वाचा आणि तेवढी एकच वाट बंद करणारा तपशील घाला. संगणकशास्त्रज्ञ एडमंड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००० साली हेच काम टूलकडून आपोआप करून घ्यायची पद्धत मांडली.

दोन सेकंदांत आलेल्या 'बरोबर'वर विश्वास

'गाडी गेटवर असेल तर गेट बंद असेल' ही प्रॉपर्टी, म्हणजे तपासायची अट, झटक्यात पास झाली? कदाचित सिग्नल कधी हिरवाच होत नसेल आणि गाडी गेटपर्यंत पोचतच नसेल. म्हणून आधी 'गाडी गेटवर कधीच येत नाही' ही उलटी प्रॉपर्टी चालवा. ती नापास व्हायलाच हवी. माझ्या मते ही तपासणी न करता रिपोर्ट कुणाला देऊच नये. रेल्वे गेटच्या बाबतीत तर नाहीच नाही.

स्पिन वापरताना

स्पिन हा एकेक स्टेट साठवत जाणारा मॉडेल चेकर. काम झाल्यावर तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये जुनी किंमत राहिली, तर एरवी सारख्या असलेल्या स्टेट वेगळ्या मोजल्या जातात. वापर संपला की ती शून्य करा. चॅनेलची (प्रोसेसमधल्या संदेशांच्या रांगेची) लांबी दोन पुरत असेल तर आठ ठेवू नका. अॅटॉमिक गट (मध्ये दुसरी प्रोसेस न येता सलग चालणाऱ्या पायऱ्या) केल्याने प्रोसेसच्या पायऱ्यांची आंतरमिश्रणं कमी होतात, पण सेन्सर वाचणं आणि सिग्नल बदलणं एकाच गटात कोंबलंत तर त्या दोघांमधली शर्यत, म्हणजे जो दोष शोधायचा तोच, झाकला जाईल. 'गेट शेवटी उघडतंच' अशा प्रॉपर्टीला फेअरनेस (तयार असलेली प्रोसेस कायमची ताटकळत राहत नाही हे गृहीतक) लागतो, सुरक्षिततेच्या प्रॉपर्टीला नाही. तरी तो सगळीकडे चालू ठेवला जातो आणि वेळ कित्येक पटींनी वाढतो.

शोधाची खोली मुळात १०,००० पायऱ्यांची असते. ती कमी पडल्याचा संदेश आला असेल तर 'एरर शून्य' याला अर्थ नाही. बिटस्टेट पर्यायाचंही (यात पूर्ण स्टेटऐवजी तिच्यासाठी मोजके बिटच साठवतात) तसंच: दोष शोधायला उत्तम, पण त्यात काही स्टेट सुटू शकतात.

नूएसएमव्हीमध्ये

नूएसएमव्ही हा मॉडेल चेकर एकेक स्टेट न साठवता स्टेटचे संच बीडीडी नावाच्या आलेखात मांडतो. म्हणून इथे बीडीडीतल्या व्हेरिएबलच्या क्रमावर सगळं अवलंबून असतं. दोन संख्यांची बेरीज असेल तर दोघींचे बिट आलटून पालटून ठेवा. एक संख्या संपवून दुसरी ठेवली तर बीडीडी घातांकी वाढतो. गुणाकाराला कुठलाच क्रम वाचवत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ ब्रायंट यांनी १९९१ मध्येच सिद्ध केलं आहे. मॉडेलमध्ये गुणाकार असेल तर तो काढता येतो का बघा, नाहीतर सॅट सॉल्व्हरवर (तर्कसूत्र खरं करता येतं का हे शोधणाऱ्या टूलवर) चालणाऱ्या बाउंडेड, म्हणजे ठरावीक पायऱ्यांपर्यंतच तपासणाऱ्या, पद्धतीकडे वळा.

बाउंडेड पद्धतीत २० पायऱ्यांपर्यंत दोष सापडला नाही, तर रिपोर्टमध्येही '२० पायऱ्यांपर्यंत' असंच लिहा. पूर्ण सिद्धता हवी असेल तर त्याच मॉडेलवर के-इंडक्शन किंवा २०११ मध्ये आलेली आयसीथ्री पद्धत चालवा, आणि सुरुवात एकाच गाडीपासून करा.