केबल चोरीची खोटी केस: ट्रायल घरच्या घरी कशी शिकायची

मूट कोर्ट, म्हणजे लॉ कॉलेजातला लुटुपुटूचा वाद, झालं की आपल्याला वाटतं चला, कोर्ट जमलं. काही जमलेलं नसतं. मूटमध्ये फॅक्ट्स छापून हातात देतात, त्यावर वादच नसतो, आपण फक्त कायद्यावर बोलायचं. खालच्या कोर्टात उलटं असतं, कायदा बहुतेक वेळा दोन्ही वकिलांना पाठ असतो आणि भांडण असतं ते त्या रात्री विहिरीवर नेमकं झालं काय याचं, आणि ते काढायचं असतं एका घाबरलेल्या नाहीतर चार तारखा फुकट खाऊन वैतागलेल्या साक्षीदाराच्या तोंडून.

मी अमळनेर तालुक्यातली, कॉलेज जळगावला, लॉचं शेवटचं वर्ष. एका ऑफिसात महिनाभर इंटर्नशिप केली तिथं डायरीत पुढच्या तारखा लिहिणं आणि झेरॉक्स आणणं एवढंच केलं. मग ठरवलं आपली केस आपणच उभी करायची. कशी केली ते सांगते, तुम्ही तुमच्या गावाप्रमाणे बदला.

पहिलं काम फुकटचं आहे, कोर्टात जाऊन बसा. सुनावणी खुल्या कोर्टात होते, नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी केस कशी चालवायची त्याचा नवा कायदा) कलम 366 आहे, फक्त लैंगिक गुन्ह्याची वगैरे बंद दाराआडची केस असेल तर शिपाई सांगायच्या आधीच बाहेर पडा. फोन बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही, आणि बँड-गाऊन घालून मिरवू नका, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळेपर्यंत आपण प्रेक्षकच. बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमांत मूटला 30 मार्क आहेत तसेच ट्रायल बघायलाही 30 आहेत, एक दिवाणी एक फौजदारी. आमच्याकडे निम्मी पोरं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवतात. उतरवू नका यार, एवढी एकच गोष्ट सिलॅबसमध्ये खरी आहे.

जायच्या आधी ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्या कोर्टाचा बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघा आणि पुराव्याच्या स्टेजला असलेली केस शोधा, नाहीतर दिवसभर नुसता पुकारा आणि पुढची तारीख ऐकून घरी याल. वहीत पानाचे दोन भाग करा, डावीकडे वकिलाने काय विचारलं आणि उजवीकडे जजसाहेबांनी काय लिहून घेतलं. हे दोन वेगळं असतं आणि सगळी गंमत तिथंच आहे. साक्ष बहुतेक प्रश्नोत्तरात नाही, सलग कथेसारखी लिहिली जाते. वकील विचारतो "तुम्ही खोटं बोलताय ना?", म्हातारा मान हलवतो, आणि कागदावर येतं "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." आपल्याकडे तर अजून एक पायरी, साक्षीदार अहिराणीत बोलतो आणि टाईप होतं कोर्टाच्या मराठीत. एका बाईने सांगितलं "मी दखं नही, आयकं". पाहिलं नाही, ऐकलं. हे नीट उतरलं नाही तर ऐकीव माहितीची साक्ष डोळ्यांनी पाहिल्याची होऊन बसेल, म्हणून चांगला वकील तिथं लगेच उभा राहतो आणि तिचे शब्द आहेत तसे लिहून घ्यायची विनंती करतो. ज्याला अहिराणी कळत नाही त्याला हे कळणारच नाही, म्हणून आपली भाषा गावंढळ म्हणून लपवू नका, ती आपल्या धंद्याची वस्तू आहे.

आठ-दहा दिवस बसलात की केस बनवायला घ्या. खून नको, सगळ्यांना एकदम उज्ज्वल निकम व्हायचं असतं, ते जळगावचेच म्हणून आपल्याकडे तर जास्तच. छोटी घ्या. मी घेतली विहिरीवरच्या मोटरीची केबल चोरीला गेल्याची, आमच्याकडे हे प्रत्येक गावात होतं त्यामुळे तपशील कुणाला विचारावे लागत नाहीत. फिर्यादी माझा काका, बघणारी साक्षीदार काकू, आरोपी मावसभाऊ, एक पंच (पंचनाम्याचा साक्षीदार), एक तपासी अंमलदार. सगळं खोटं पण जागा खरी, आमचंच शेत. गावातली खरी भानगड मात्र वापरू नका, खऱ्या लोकांची नावं फाईलमध्ये आली तर उद्या तीच फाईल कुठं फिरेल सांगता येत नाही.

कागद हाताने लिहा. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, काकूचा पोलीस जबाब, आरोपीने दाखवल्यावरून केबल सापडल्याचा निवेदन पंचनामा, जप्ती. पंचनाम्यासाठी खरंच टेप घेऊन शेतात जा, विहिरीपासून बांध किती फूट, बल्ब कुठं, उसाचा आडोसा कुणीकडे. केबलची किंमत विचार करून टाका, न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा) कलम 303 मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलीच शिक्षा आणि माल किंवा किंमत परत केली असेल तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे, म्हणजे 4,800 लिहिलं की 5,200 यावर बचावाचा अख्खा विचार बदलतो. आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असतं, तर मावसभावाच्या मोबाईलवर तेही केलं. मग तो व्हिडिओ पुराव्यात आणायचा तर साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, अनुसूचीत फॉर्म दिलाय, भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र होतं त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा असलेला आकडा, लिहायची. व्हिडिओची एक सेकंदाची क्लिप कापून परत हॅश काढून बघा, पूर्ण वेगळा आकडा येतो, तेव्हा ते कलम डोक्यात बसतं. जुन्या पुरावा कायद्यातल्या 65ब चं प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये ज्या अर्जुन खोतकरांच्या केसमध्ये सांगितलं ती आपल्याच जालन्याच्या निवडणुकीची, वाचून घ्या.

कलमांचे नंबर दोन्ही पाठ ठेवा बरं का. नवे कायदे 1 जुलै 2024 पासून आले पण त्याआधीच्या गुन्ह्यांच्या केसेस अजून चालूच आहेत, कोर्टात एकाच सकाळी पोलीस जबाबाला जुन्या कायद्याचा 161 चा जबाब पण ऐकू येतो आणि नव्याचा 180 चा पण.

आता खरी मेहनत. फाईलमध्ये मुद्दाम दोन-तीन खड्डे ठेवा. मी काकूच्या पोलीस जबाबात "बल्बच्या उजेडात ओळखलं" हे लिहिलंच नाही आणि सरतपासणीत (साक्षीदाराला त्याच्याच बाजूचा वकील विचारतो ती) मात्र तिला ते सांगायला लावलं. यालाच कोर्टात ओमिशन म्हणतात. यावर उलटतपासणी, म्हणजे समोरच्या वकिलाने विचारायचे प्रश्न, कशी घ्यायची तर आधी आत्ता सांगितलेलं वाक्य पक्कं करून घ्यायचं, मग विचारायचं पोलिसांना हे सांगितलं होतं का, मग तिला जबाब दाखवायचा, साक्ष अधिनियमाचं कलम 148. उत्तर जवळपास ठरलेलं येतं, "मी पोलिसांना सांगितले होते, त्यांनी का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही." पोरं इथंच जिंकलो म्हणून बसतात. अजून अर्धं बाकी आहे, तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की त्यालाही विचारायचं की साक्षीदाराने असं सांगितलं नव्हतं ना, तेव्हा ते सिद्ध होतं. माझ्या पहिल्या ट्रायलमध्ये मी अंमलदाराला हे विचारायलाच विसरले, सगळी मेहनत पाण्यात.

दुसरी चूक त्याहून वाईट. मी विचारलं, "तुम्ही रात्री विहिरीवर गेल्या आणि आवाज आला तेव्हा अंधार होता आणि तुम्ही लांब उभ्या होत्या, बरोबर?" काकू म्हणे "हौ." आता हे हौ कशाला? मी परत विचारलं तर वैतागून म्हणे, "आधी एक काय ते इचार ना माय." तेव्हापासून नियम, एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि उलटतपासणीत प्रश्न असा की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल, सूचक प्रश्न (ज्यात उत्तर आधीच सुचवलेलं असतं) तिथं चालतात, सरतपासणीत नाही, त्याच अधिनियमाचं कलम 146 वाचा. आणि "कसं" विचारू नका. मी विचारलं अंधारात ओळखलं कसं, तर म्हणे खोकल्यावरून, "तेना खोकला आख्खा गावले म्हाईत शे." हे फाईलमध्ये कुठंच नव्हतं, तिने जागेवर बनवलं, आणि सगळे हसले, मी सोडून.

मग घरी येऊन मी ती अंधाराची बाजू नीट तपासली. घटनेची तारीख घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघितली, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीची निघाली, मीच डोळे झाकून टाकलेली. पुढच्या महिन्यात त्याच तिथीला रात्री नऊ वाजता मावसभावाला विहिरीवर उभा केला आणि बांधावरून चालत गेले. चाळीस पावलांवर माणूस आहे एवढं कळत होतं, वीसवर उंची, चेहरा पार जवळ गेल्यावर. बल्ब लावला तर बाराच पावलं फरक. आणि तिथं उभं असताना सुचलं की आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट (मोटर चालते ती) आळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, मग त्या आठवड्यात रात्रीची लाईट नसेल तर काकू नऊ वाजता पाणी भरायला गेलीच कशाला? हा प्रश्न मला पुस्तकात बसून दहा वर्षांत सुचला नसता. जमलं तर तुमच्या केसमधल्या जागेवर तुम्हीही त्याच वेळेला जाऊन उभे राहा, एकट्याने जाऊ नका आणि टॉर्च न्या, साप असतात.

जज म्हणून कायद्यातला मित्र घेऊ नका, तो तुमचंच ऐकेल. मी गावातल्या रिटायर्ड मास्तरांना बसवलं. त्यांना फक्त एवढं सांगितलं की शंका उरली तर आरोपी सुटतो. शेवटी आरोपीला एकेक पुरावा वाचून दाखवून त्याचं म्हणणं घेतलं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 351 आहे ते, तो म्हणे सगळं खोटं आहे. तेही फाईलला लावलं.

दोन-तीन रात्री निकालपत्रं वाचण्यात घालवा. ई-कोर्ट्सवरून तुमच्याच जिल्ह्याचं सेशन्सचं निकालपत्र उतरवा, निकालाचा भाग झाका, साक्षीदारांचा भाग वाचून स्वतः निकाल लिहा आणि मग उघडून बघा. परिस्थितीजन्य पुराव्याची (प्रत्यक्ष बघणारा कुणी नाही अशी) केस असेल तर सुप्रीम कोर्टाचा शरद सारडा निकाल, 1984, त्यातली पाच सूत्रं समोर ठेवून. माझं सुरुवातीला निम्म्याहून जास्त चुकायचं.

मास्तरांनी मावसभावाला सोडला, बल्बच्या मुद्द्यावर नाही, पंच एकच आणि तोही फिर्यादीच्या घरचा म्हणून. हे मी बनवताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काकू अजून रागात आहे, म्हणते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तीच फाईल परत लिहितेय, पंच बदलून, आणि या वेळी मी सरकारी वकील.