संशयास्पद मालवाहू जहाजाचा माग घरबसल्या कसा काढायचा

बातमी येते की अमुक जहाजातून गुपचूप शस्त्रं गेली, दोन दिवसांनी दुसरी बातमी येते की छे, तसं काही नव्हतंच, आणि वाचणारा अधांतरी. यातलं बरंचसं आपलं आपल्याला तपासता येतं, तेही फुकट, फक्त कुठे बघायचं आणि जे दिसलं त्याचा किती अर्थ लावायचा एवढं कळायला हवं. यातला दुसरा भाग जास्त अवघड आहे, लोक तिथेच घसरतात.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जहाजावर शस्त्रं असणं म्हणजे आपोआप गुन्हा नाही. स्फोटकं, दारूगोळा रोज कुठल्या ना कुठल्या समुद्रातून जात असतो, रीतसर कागदपत्रांसकट. मे २०२४ मध्ये मारियान डानिका नावाचं डॅनिश झेंड्याचं जहाज चेन्नईहून इस्रायलच्या हैफाला साधारण २७ टन स्फोटकं घेऊन चाललं होतं, स्पेनने त्याला कार्ताहेना बंदरात यायची परवानगी नाकारली. तिथे प्रश्न स्पेनच्या धोरणाचा होता, निर्बंध मोडल्याचा नव्हता. म्हणून आधी ठरवा की तुम्ही नेमकं काय शोधताय: जहाजात काय होतं, का जहाज किंवा मालक निर्बंध यादीत आहे, का माल जिथे गेला तिथे जायलाच बंदी होती. तीन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरंही वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

आणि सैन्य आपला माल व्यापारी जहाजातून का पाठवतं असं वाटत असेल तर बोस्फोरसकडे बघा, म्हणजे काळ्या समुद्रातून बाहेर पडायच्या इस्तंबूलजवळच्या सामुद्रधुनीकडे. १९३६ च्या माँत्रो करारानुसार युद्धकाळात तुर्कस्तान युद्धनौकांना सामुद्रधुनी बंद करू शकतं, आणि फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी त्यांनी ती केलीच. पण व्यापारी जहाजांना तो नियम लागू होत नाही. मग रशियाच्या संरक्षण खात्याशी जोडलेल्या ओबोरोनलॉगिस्टिका कंपनीची स्पार्टा मालिकेतली जहाजं काळ्या समुद्रातून सीरियातल्या टार्टसला जात-येत राहिली, कागदोपत्री साधी मालवाहू जहाजं. ऑगस्ट २०२२ मध्ये सीरियातली एक एस-३०० क्षेपणास्त्र यंत्रणा टार्टसहून स्पार्टा २ मधून रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदरात परत नेली गेली हे उपग्रहचित्रांवरून बाहेर आलं.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे जहाजाचं नाव विसरायचं. हो, विसरायचंच. नाव बदलायला रंगाचा एक डबा पुरतो, झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलायला थोडे कागद, मालक बदलायला एक नवी कंपनी. बदलत नाही तो आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर, गाडीच्या चेसिस नंबरसारखा, जहाज बांधल्यापासून भंगारात जाईपर्यंत एकच. सात आकडे असतात, १९९६ पासून मोठ्या जहाजांना सक्तीचा आहे, आणि जहाजाच्या अंगावर कायमचा कोरलेला किंवा वेल्ड केलेला असावा लागतो. २०२५ मध्ये ९३३२८१० नंबरचा टँकर एप्रिलमध्ये किवाला नावाने एस्टोनियाने अडवला आणि सप्टेंबरमध्ये फ्रान्सने पकडला तेव्हा तो बोराके होता, शिवाय पुष्पा असंही त्याचं नाव होतं. नावाने शोधत बसला असता तर तीन वेगळी जहाजं वाटली असती.

नंबर खोटा आहे का हे कागद-पेन्सिलने तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, सगळी बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा नंबरच्या सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. लेडी आर या रशियन जहाजाचा नंबर ९१६१००३. नऊ साते त्रेसष्ट, एक सख सहा, सहा पंचे तीस, एक चोक चार, पुढे दोन शून्यं. बेरीज १०३, शेवटचा आकडा ३, नंबरचाही शेवटचा ३. जुळलं. पण जुळलं म्हणजे जहाज खरं असं नाही बरं का, कारण काही लोक भंगारात तोडलेल्या जहाजाचा खराखुरा नंबर उचलून दुसऱ्या जहाजावरून प्रसारित करतात. तेव्हा नंबरवरून मिळणारं बांधणीचं वर्ष, लांबी, प्रकार हे सगळं फोटोतल्या जहाजाशी जुळतंय का तेही बघायचं.

हे बघायला इक्वेसिस नावाचा डेटाबेस आहे, युरोपियन कमिशन आणि फ्रान्सच्या सागरी खात्याने २००० साली सुरू केलेला, खातं उघडलं की फुकट. त्यात नोंदणीकृत मालक, व्यवस्थापन कंपनी, जुनी नावं, जुने झेंडे, कुठल्या बंदरात तपासणी झाली आणि काय दोष निघाले, कुठल्या संस्थेचं वर्गीकरण, म्हणजे जहाज धड आहे असं प्रमाणपत्र कुणी दिलंय, विमा कुणाचा, बरंच काही मिळतं. माझं मत विचाराल तर मालकाच्या नावापेक्षा तारखा जास्त बोलक्या असतात. मालकाचं नाव बहुतेक वेळा एका जहाजापुरती काढलेली कंपनी असते, पत्ता कुठल्यातरी कार्यालयाच्या टपालपेटीचा, त्यातून काही हाती लागत नाही. पण निर्बंध लागल्यावर महिन्याभरात मालक, झेंडा आणि वर्गीकरण संस्था तिन्ही बदलल्या असतील तर ती तारीख वहीत लिहून ठेवा. उत्तर कोरियाच्या ओशन मॅरिटाइम मॅनेजमेंट या कंपनीवर संयुक्त राष्ट्रांनी जुलै २०१४ मध्ये निर्बंध लावले, त्यानंतर तिच्या बऱ्याच जहाजांची नावं बदलली गेली. विम्याकडेही लक्ष द्या. जगातली बहुतांश मोठी जहाजं जहाजमालकांच्याच १२ विमा क्लबांच्या आंतरराष्ट्रीय गटाकडे विमा काढतात, आणि रशियन तेलावर डिसेंबर २०२२ मध्ये पिंपाला ६० डॉलरची किंमतमर्यादा आली ती राबवायची भिस्त याच विमा आणि सेवा कंपन्यांवर होती. म्हणून जुना टँकर अचानक या गटातून बाहेर पडून कुणी न ऐकलेल्या विमा कंपनीकडे गेलेला दिसला की भुवई उंचावायची.

मग येतं एआयएस, म्हणजे जहाज रेडिओवरून आपली ओळख, जागा, वेग सतत सांगत असतं ती यंत्रणा. आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ती लागतेच. चालत्या जहाजाचा ठिकाणा काही सेकंदांनी जातो, नांगरलेल्याचा दर तीन मिनिटांनी. नकाशावर जहाजं हलताना दाखवणाऱ्या वेबसाईट हाच सिग्नल दाखवतात. यात नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो म्हणून जरा थांबून सांगतो. सिग्नलमधला ठिकाणा यंत्रातून येतो, पण पुढचं बंदर आणि डुबाव, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय, हे खलाशी हाताने भरतात. विसरतात, आळस करतात, मुद्दाम चुकीचंही भरतात. त्यामुळे पुढचं बंदर पोर्ट सैद लिहिलंय म्हणून जहाज तिथेच चाललंय असं धरून चालू नका. डुबाव तपासायचा असेल तर फोटो बघा, जहाज रिकामं असेल तर पाण्याच्या वर तळाचा लाल पट्टा बराच दिसतो, भरलेलं असेल तर तो पाण्याखाली गेलेला असतो. बोस्फोरसच्या काठावर जहाजांचे फोटो काढणारे हौशी लोक आहेत, त्यांच्या फोटोंवरून जाताना भरलेलं आणि येताना हलकं, किंवा उलटं, हे कितीदा तरी उघड झालंय.

एमएमएसआय हा सिग्नलमधला नऊ आकडी नंबर, त्यातले पहिले तीन आकडे झेंड्याचा देश सांगतात: २७३ रशिया, ४२२ इराण, ४४५ उत्तर कोरिया, ६३६ लायबेरिया, ५३८ मार्शल बेटं, ६१३ कॅमेरून. हा नंबर झेंड्याबरोबर बदलतो, म्हणून ओळखीसाठी वापरायचा नाही, पण जहाज स्वतःला एका देशाचं म्हणवतंय आणि आकडे दुसऱ्याच देशाचे असतील तर तिथे खणायला सुरुवात करा.

सिग्नल बंद झाला की लोक लगेच उड्या मारतात. शांत व्हा. किनाऱ्यापासून लांब गेलं की जमिनीवरच्या अँटेनाला जहाज ऐकू येत नाही, गर्दीच्या समुद्रात उपग्रहालाही सिग्नल एकमेकांत मिसळून नीट मिळत नाहीत, आणि चाचेगिरीचा धोका असेल तर कप्तानाला नियमानेच यंत्र बंद करता येतं. खरा प्रश्न असा असतो की सिग्नल कुठे गेला, कुठे परत आला, आणि मधल्या वेळात नेहमीच्या वेगाने हे जहाज कुठपर्यंत जाऊन येऊ शकलं असतं. नकाशावर ते अंतर मोजा. जहाज ताशी १२ नॉटिकल मैल जात असेल तर दिवसाला २८८ मैल, सहा दिवस गायब असेल तर सतराशेच्या आसपास, जाऊन-येऊन धरलं तर त्याच्या निम्मं, आणि बंदरात माल चढवायचे दिवस त्यातून वजा. मग त्या परिघात कुठली बंदरं येतात ते बघायचं. चोंग चोन गँग हे उत्तर कोरियन जहाज २०१३ च्या उन्हाळ्यात क्युबाजवळ असंच गप्प झालं होतं, जुलैमध्ये पनामाने थांबवलं तेव्हा साखरेच्या दोन लाख गोण्यांखाली दोन मिग-२१ विमानं आणि क्षेपणास्त्रांचे भाग निघाले.

गप्प होण्यापेक्षा खोटं बोलणं जास्त त्रासदायक. काही जहाजं खोटा ठिकाणा पाठवतात, म्हणजे नकाशावर एका जागी फिरताना दिसतात आणि प्रत्यक्षात इराणच्या धक्क्याला तेल भरत असतात. ओळखायचं कसं? मार्ग अनैसर्गिक नीट असतो, त्याच आकाराची वळणं परत परत, नांगरलेलं जहाज वारा-प्रवाहाने जसं हळूहळू फिरतं तसं फिरत नाही, कधी वेग दाखवतो एक आणि दोन ठिकाणांमधलं अंतर निघतं भलतंच. पण युद्धाच्या भागात जीपीएस जॅमिंगमुळे निष्पाप जहाजंही विमानतळावर उभी असलेली दिसतात, तेव्हा शेजारची दहा जहाजं बघा. सगळीच वेडीवाकडी दिसत असतील तर तुमच्या जहाजाचा दोष नाही.

सोक्षमोक्ष लावायचा तर उपग्रहचित्रं. युरोपच्या कोपर्निकस या पृथ्वीनिरीक्षण कार्यक्रमातल्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, एक पिक्सेल १० मीटरचा, साधारण पाच दिवसांनी तीच जागा. १२० मीटरचं जहाज म्हणजे लांबीत बारा ठिपके, यावरून नाव सांगता येत नाही पण तिथे जहाज आहे का, अंदाजे केवढं, पांढरी केबिन मागे का पुढे, एवढं कळतं. ढग असतील किंवा रात्र असेल तर सेंटिनेल-१ चं रडार वापरा, त्यात लोखंडी जहाज काळ्या पाण्यावर चमकतं. जहाज म्हणतंय मी इथे आहे आणि त्याच वेळच्या चित्रात तिथे पाणीच पाणी, तर मग बोलायला काहीतरी आहे. २०२३ च्या सप्टेंबरात अंगारा हे जहाज उत्तर कोरियाच्या राजिनहून रशियाच्या दुनाईला कंटेनर नेत होतं हे ऑक्टोबरमध्ये व्हाइट हाऊसने अशाच चित्रांनिशी मांडलं, एक हजाराहून जास्त कंटेनर गेले असा त्यांचा दावा होता. यातसुद्धा चित्रात कंटेनर दिसतात, कंटेनरच्या आतलं दिसत नाही, हा फरक लिहिताना विसरायचा नाही.

निर्बंध यादी तपासणं सोपं आहे, त्यावर फार वेळ घालवायला नको. अमेरिकेची, युरोपियन युनियनची, ब्रिटनची आणि संयुक्त राष्ट्रांची यादी वेगवेगळी आहे, चारही ठिकाणी आयएमओ नंबर टाका, तारीख बघा. एका यादीत असणं म्हणजे सगळ्या जगाची बंदी नव्हे. आणि संयुक्त राष्ट्रांच्या उत्तर कोरिया तज्ज्ञमंडळाचे जुने अहवाल वाचाच, जहाजांचे फोटो, कागदपत्रं, सगळं छापलेलं आहे, शिकायला यापेक्षा चांगलं साहित्य नाही. ते मंडळ एप्रिल २०२४ मध्ये रशियाच्या नकाराधिकारामुळे संपलं, पण अहवाल आहेत.

आता लिहिण्याबद्दल, कारण इथे बेफिकिरी फार चालते. लेडी आर चंच घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये सिग्नल बंद करून हे जहाज दक्षिण आफ्रिकेच्या सायमन्स टाउन नौदल तळावर लागलं, रात्री सामान चढ-उतार झाली, जहाज अमेरिकेच्या यादीत आधीपासून होतंच. मे २०२३ मध्ये अमेरिकन राजदूतांनी जाहीर सांगितलं की तिथून शस्त्रं चढवली. राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी नेमलेल्या समितीने सप्टेंबरमध्ये म्हटलं की शस्त्रं चढवल्याचा पुरावा नाही, उलट सैन्याने आधी मागवलेला माल उतरवला. घरबसल्या आपल्याला यातलं काय सिद्ध करता आलं असतं? जहाज आलं, सिग्नल बंद होता, यादीत होतं. बस. पेट्यांत काय होतं ते नाही. म्हणून वहीत तीन रकाने करा: स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याने सांगितलेलं, आणि आपला अंदाज. तिसऱ्या रकान्यातली ओळ पहिल्यात ढकलायचा मोह प्रत्येक वेळी होतो.

प्रत्येक स्क्रीनशॉटवर तारीख आणि वेळ ठेवा, वेळ ग्रीनिचची, नाहीतर तीन देशांच्या घड्याळांत तुम्हीच हरवाल. पानाची प्रत आर्काइव्हमध्ये साठवा कारण वेबसाईट जुना मार्ग पैशाच्या भिंतीमागे नेतात. खलाशांची नावं, फोटो, सोशल मीडियावरची खाती कितीही सहज सापडली तरी प्रसिद्ध करायची नाहीत, सील केलेल्या कंटेनरमध्ये काय आहे हे बहुतेक वेळा त्यांना माहीतच नसतं आणि अडकतात तेच. आणि ज्या जहाजाबद्दल लिहिलंत त्याच्या आयएमओ नंबरवर अलर्ट लावून ठेवा, तुमचं लिखाण गाजलं तर पुढच्या फेरीत ते नव्या नावाने निघण्याची शक्यता चांगलीच आहे.