शिंगराचा रंग आधीच कसा ताडावा

शिंगराच्या रंगाचा अंदाज बांधताना बहुतेक जण नर आणि घोडी दिसायला कशी आहेत एवढेच पाहतात. परंतु पुढच्या पिढीत उतरतो तो दिसणारा रंग नव्हे, तर प्रत्येक जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणतीतरी एक प्रत. म्हणून आधी या प्रती कागदावर मांडाव्यात.

मूळ रंग दोन जनुकांवर ठरतो. एक्स्टेन्शन या जनुकाची एक जरी प्रभावी प्रत असली तरी काळे रंगद्रव्य तयार होते, आणि दोन्ही अप्रभावी असल्या तर घोडा तांबडा, म्हणजे चेस्टनट होतो. अगूटीची प्रभावी प्रत काळ्या रंगाला आयाळ, शेपूट, पाय आणि कानांच्या कडा एवढ्यापुरतेच रोखून धरते, त्यामुळे तांबूस-तपकिरी अंगाचा कुमाईत रंग येतो. ती नसल्यास घोडा सर्वांगी काळा निघतो. तांबड्या घोड्यात रोखायला काळा रंगच नसल्यामुळे त्याचे अगूटी डोळ्यांना कळत नाही, आणि अंदाज सर्वाधिक फसतो तो इथेच. काळा नर आणि तांबडी घोडी यांना कुमाईत शिंगरू झाले, तर नराबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. घोडीने आपले लपलेले अगूटी पुढे दिलेले असते.

समजा, कुमाईत नराकडे दोन्ही जनुकांची एकेकच प्रभावी प्रत आहे आणि तांबड्या घोडीकडेही अगूटीची एकच. शिंगरू तांबडे होण्याची शक्यता १/२. उरलेल्या निम्म्यात अगूटी मिळण्याची शक्यता ३/४. म्हणजे ५० टक्के तांबडे, ३७.५ टक्के कुमाईत आणि १२.५ टक्के काळे. हे प्रमाण प्रत्येक वेताला नव्याने लागू होते. लागोपाठ तीन तांबडी झाली म्हणून चौथे कुमाईत होईलच असे नाही.

लपलेल्या प्रती शोधण्यासाठी आधी जुन्या नोंदी चाळाव्यात. कुमाईत नराचे एकही शिंगरू तांबडे निघाले असेल, तर त्याच्याकडे एक्स्टेन्शनची अप्रभावी प्रत आहे हे पक्के. उलट तांबड्या माद्यांपासूनच्या पाच शिंगरांत एकही तांबडे नसेल, तर तशी प्रत असूनही निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता १/३२ इतकीच राहते. खात्रीच हवी असल्यास आयाळीचे मुळासकट उपटलेले केस जनुकीय चाचणीसाठी पाठवावेत.

त्यानंतर रंग फिका करणारे क्रीम जनुक पाहावे. एका प्रतीने तांबड्याचा पालोमिनो (सोनेरी अंग, पांढरी आयाळ) व कुमाईताचा बकस्किन (सोनेरी अंग, काळी आयाळ) होतो, तर दोन प्रतींनी अनुक्रमे निळ्या डोळ्यांचे, सायीच्या रंगाचे क्रेमेलो आणि पर्लिनो. दोन पालोमिनोंपासून पालोमिनो होण्याची शक्यता निम्मीच असते. तो रंग हमखास हवा असेल तर क्रेमेलो आणि तांबडा अशी जोडी लावावी, अर्थात दोघांपैकी कोणी ग्रे, म्हणजे वयानुसार पांढरा होत जाणारा, नसेल तर. ग्रे जनुक सगळ्यांवर मात करते: शिंगरू रंगीत जन्मते आणि पुढे वर्षागणिक पांढरे होत जाते. आईवडिलांपैकी एकही ग्रे नसताना मात्र ग्रे शिंगरू होत नाही.

पांढऱ्या चट्ट्यांच्या घोड्यांच्या बाबतीत फ्रेम ओव्हेरो या चट्टे आणणाऱ्या जनुकाची चाचणी टाळू नये, कारण हे जनुक बाळगणारा घोडा कधीकधी अगदी एकरंगी दिसतो. असे दोन घोडे जुळवल्यास चारात एक या प्रमाणात पांढरेशुभ्र शिंगरू जन्मण्याची शक्यता असते. त्याच्या आतड्यांतील चेतापेशी विकसित झालेल्या नसतात आणि ते काही दिवसांतच दगावते. ही जोडी कधीही लावू नये.