राऊटर, स्विच, रॅम, स्टोरेज: शब्दांची गल्लत अशी सुटली

लक्षण: शब्द सगळे कानावरचे, पण कोणी 'स्विच रीस्टार्ट कर' म्हटलं की माझा हात राऊटरकडे. 'मेमरी भरली' असा इशारा आला की मी फोटो उडवत बसायचो, म्हणजे रॅमऐवजी स्टोरेज रिकामं करायचो.

व्याख्या पाठ केल्या, फ्लॅशकार्डं केली. चार दिवसांत पाटी कोरी. वैताग आला होता.

मग वही मिटली आणि केबल धरली. क्रम असा:

आधी भिंतीतून येणारी फायबर जिथे घुसते तो डबा. तो ओएनटी, प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारा. त्याच्यावर चिठ्ठी. तिथून निघणारी ८ तारांची इथरनेट केबल पुढच्या डब्यात, 'वॅन' (बाहेरचं जाळं, इंटरनेटची बाजू) लिहिलेल्या पोर्टमध्ये जाते. खरी गोम इथेच होती: आपण ज्याला राऊटर म्हणतो त्या एका डब्यात तीन यंत्रं असतात. वॅन आणि लॅन (घरातलं जाळं) यांच्यात वाट दाखवणारा तो राऊटर, शेजारचे ४ लॅन पोर्ट म्हणजे घरातली यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारा स्विच, अँटेना म्हणजे वायफाय देणारा अ‍ॅक्सेस पॉइंट. तिन्ही जागी वेगळी चिठ्ठी.

मग वॅनची केबल उपसली. इंटरनेट गेलं, पण लॅनवरचा प्रिंटर छापत राहिला. स्विच जिवंत! हा फरक त्यानंतर विसरलो नाही.

रॅमसाठी सेव्ह न केलेली एक ओळ टाइप करून डेस्कटॉपची वीज बंद केली. ओळ गेली, ती रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत होती. आधी सेव्ह केलेली फाइल जागेवर, ते स्टोरेज. (ऑटोसेव्ह आधी बंद करा, नाहीतर ओळ परत येते.)