दहा माणसांचा गाळा

२०१२ साली नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात एक जुने सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे, लेथ मशीन आणि एक साधे लेथ बसवून मी स्वतःचा उद्योग सुरू केला. टूल, इन्सर्ट (टूलला लावायची कापणारी टोके) आणि ड्रॉइंग यांविषयी तेव्हा मला बरेच कळत होते. माणसांविषयी मात्र, ती मिळतात आणि पगार दिला की काम करतात, एवढीच माझी समजूत होती. पहिल्या तीन वर्षांत सतरा जण येऊन गेले आणि त्यांतले चार टिकले. सोडून गेलेला एक ऑपरेटर पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटला, तेव्हा मी त्याला कारण विचारले. पगार कमी होता असे तो म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "शेठ, तुमच्याकडे कशाचाच पत्ता लागत नाही. पगार कधी होणार, सुट्टी मिळणार की नाही, जॉब, म्हणजे बनवलेला तुकडा, पास झाला की नाही, सगळं तुमच्या तोंडाकडे बघून ओळखायचं." मोठ्या कंपनीच्या पगाराशी लहान गाळा बरोबरी करू शकत नाही, पण माणसाला अंदाज बांधत बसावे लागणार नाही एवढी खात्री तो देऊ शकतो. नव्याने चार-पाच माणसे कामाला ठेवणाऱ्यांसाठी मी पुढे जे लिहीत आहे, ते या एका गोष्टीभोवतीच आहे.

माणूस निवडताना अनुभव किती वर्षांचा, हे मी आता शेवटी विचारतो. पहिला प्रश्न घर कुठे आहे, हा असतो. बदलापूर किंवा टिटवाळ्याहून येणाऱ्या मुलाला गर्दीच्या लोकलने ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरावी लागते, आणि सकाळी सातच्या पाळीसाठी त्याला पाचच्या आत घर सोडावे लागते. पहिला महिना तो हे उत्साहाने करतो, दुसऱ्या महिन्यात खाडे सुरू होतात आणि पावसाळ्यात रुळांवर पाणी भरले की त्याचा आणि आपला दोघांचाही धीर सुटतो. म्हणून दूरच्या माणसाला घ्यायचेच असेल, तर मी त्याला नऊची पाळी देतो आणि सातच्या पाळीला ऐरोली, घणसोली, कळवा या भागांतले लोक ठेवतो. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्थानक सुरू झाल्यापासून त्या पट्ट्यातले लोकही सोयीचे झाले आहेत. वरवर ही बाब किरकोळ वाटते. माझ्या गाळ्यात मात्र जितकी माणसे पगारामुळे गेली, त्यांहून अधिक प्रवासामुळे गेली.

दुसरी पायरी हाताच्या परीक्षेची. मी उमेदवारासमोर तयार केलेला एक तुकडा आणि व्हर्नियर ठेवतो व तोच व्यास तीन वेळा मोजून कागदावर लिहायला सांगतो. आकडा बरोबर आला की नाही, यापेक्षा तिन्ही आकडे एकमेकांशी किती जुळतात, हे मी पाहतो. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या व्हर्नियरवर २४.९३ असा आकडा लिहिणारा माणूस मोजत नसतो, मनाने लिहीत असतो; कारण त्या व्हर्नियरवर शेवटचा आकडा विषम येऊच शकत नाही. दहा वर्षांच्या अनुभवाचा दाखला घेऊन आलेले काही जण इथे अडखळले आहेत आणि आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा इथेच माझ्या मनात भरला. या परीक्षेनंतर अर्धा दिवस काम करून घ्यायचे असेल, तर त्याचे पैसे द्यावेत. फुकटात 'ट्रायल' घेणाऱ्या गाळ्यांची नावे टपरीवर सर्वांना ठाऊक असतात.

शिकवण्याच्या बाबतीत माझी चूक सर्वांत मोठी होती, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. नव्या माणसाला मी जुन्या सेटरच्या, म्हणजे मशीनची जुळणी करून देणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली उभे करत असे आणि 'बघून शिक' असे सांगून निघून जात असे. ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, ते आमचे सेटर कामात अत्यंत तरबेज होते. परंतु त्यांचे हात इतक्या सवयीने चालत की, पाहणाऱ्याला त्यांतला निर्णय दिसतच नसे. एका रात्रपाळीत नव्या मुलाने ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल किती सरकवायचे हे मशीनला सांगणाऱ्या आकड्यात, उणे ०.०५ ऐवजी उणे ०.५ टाकले आणि सकाळपर्यंत पूर्ण लॉट भंगारात गेला. मी त्याच्यावर मनसोक्त ओरडलो. मामा शांतपणे म्हणाले, "त्याला आपण कधी सांगितलं, की पहिला पीस मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही?" खरोखरच कोणी सांगितले नव्हते. ते सर्वांना माहीत असते, असे आम्ही धरून चाललो होतो.

त्यानंतर आम्ही शिकवण्याचा क्रम ठरवला. पहिला आठवडा फक्त मोजमाप, बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार किनार) काढणे आणि मशीनची सफाई. दुसऱ्या आठवड्यात जॉब लावणे-काढणे आणि दर दहा तुकड्यांनंतर एक तुकडा मोजून तक्त्यावर लिहिणे. ऑफसेटला हात तिसऱ्या आठवड्यात, तोही सेटर शेजारी उभा असताना. प्रत्येक गोष्टीमागचे कारण तोंडी सांगण्याचा आग्रह मी धरला. उदाहरणार्थ, बाहेरचा व्यास मोठा राहिला तर पुन्हा कापून तुकडा वाचवता येतो, लहान झाला तर तो भंगार होतो, आणि आतल्या बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, बाबतीत हेच नेमके उलटे असते. हे एकदा डोक्यात बसले की, मुलगा ऑफसेट बदलताना आपोआप सुरक्षित बाजूला राहतो. मामांनी आपल्या सेटिंग वहीत लिहायला सुरुवात करावी, यासाठी मला वर्षभर त्यांच्या मागे लागावे लागले. आपली विद्या कागदावर गेली की आपली गरज संपेल, ही भीती त्यांना होती आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. शिकवण्याचा वेगळा भत्ता मी त्यांच्या पगारात जोडला, तेव्हा कुठे वही भरू लागली.

शिकाऊ उमेदवारांचा मार्गही पाहण्यासारखा आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे ऐच्छिक असते, तीसपासून पुढे ते बंधनकारक होते. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना १५०० रुपयांच्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकार उचलते. मात्र शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभर झाडू मारायला लावणारे मालकही मी पाहिले आहेत, आणि अशा मुलांचे पुढे काय होते, ते सांगायला नको.

कायद्याच्या बाजूने दहाचा आकडा महत्त्वाचा आहे. गाळ्यात दहा माणसे झाली की राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समितीही नेमावी लागते, जिच्याकडे लहान मालक हमखास दुर्लक्ष करतात. वीस माणसांवर भविष्य निर्वाह निधी येतो. यामुळे नऊ माणसे कागदावर आणि चार 'रोखीची' ठेवण्याचा सल्ला मला पहिल्याच वर्षी मिळाला होता आणि लाज वाटते, पण काही काळ मी तो मानलाही. २०१९ मध्ये आम्ही ईएसआयची नोंदणी केली. त्याच वर्षी १ जुलैपासून त्यातला मालकाचा वाटा वेतनाच्या ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणि कामगाराचा १.७५ वरून ०.७५ टक्क्यांवर आला होता. पुढे एका ऑपरेटरच्या बोटाला चिप, म्हणजे कापलेल्या धातूची कात्रण, लागून मोठी जखम झाली, तेव्हा उपचार आणि बुडालेल्या वेतनाचा मोठा भाग विम्यातून मिळाला. तो खर्च खिशातून करण्याची वेळ आली असती, तर त्या महिन्यात इतरांचे पगार थांबले असते.

पगाराच्या तारखेविषयी मी हट्टी आहे. पूर्वी ग्राहकाचे पैसे आले की मी पगार करत असे आणि ग्राहक तर नव्वद दिवस लावत असत. कामगाराला वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळालेच पाहिजे, असे कायदा म्हणतो. त्यासाठी मी एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठवली. ती जमायला चौदा महिने लागले आणि त्या काळात तिसऱ्या मशीनचा विचार बाजूला ठेवावा लागला. उचल मागणाऱ्यांची संख्या त्यानंतर आपोआप घटली. उचल पूर्ण बंद करणे शक्य नाही, कारण गावाकडचे आजारपण आणि जूनमधली शाळेची फी आपल्या नियमाला थांबत नाही; परंतु रक्कम, हप्ते आणि दोघांच्या सह्या वहीत असाव्यात, म्हणजे पगाराच्या दिवशी वाद होत नाहीत.

सुट्ट्यांचे वेळापत्रक आम्ही जानेवारीत भिंतीवर लावतो. कोकणातले लोक गणपतीला जाणार, बिहारचे छठला जाणार, हे दरवर्षी ठरलेले असताना ऐन वेळी रागावण्यात काय अर्थ आहे? गणपतीच्या आठवड्यात छठला जाणारे जास्त तास भरतात आणि छठच्या वेळी कोकणातले त्यांची परतफेड करतात. अर्थात ओव्हरटाइम दुप्पट दरानेच द्यायचा.

माणूस सोडून जाताना त्याचा हिशेब लगेच, शक्यतो कामाच्या दोन दिवसांत, पूर्ण करावा आणि अनुभवाचा दाखला मागण्याआधी द्यावा. व्हर्नियर आणि कपाटाची किल्ली परत घ्यावी. सेटिंगची वही गाळ्याची असते, ती घरी नेता येत नाही, हे मात्र त्याला कामावर ठेवतानाच सांगून ठेवावे. मी ते मामांना सांगितले नव्हते, आणि ते निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा ती वही आणायला मला चिपळूणपर्यंत जावे लागले.