प्लाझ्मा फिजिक्स शिकायचंय? मग आधी काय वाचायचं ते बघा

एमएस्सीला असाल, मुंबई विद्यापीठात कलिनाला किंवा कुठेही, तर पहिलं सांगतो, थेट प्लाझ्माचं (म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेल्या वायूचं) पुस्तक उघडू नका. आधी ग्रिफिथ्सचं इलेक्ट्रोडायनॅमिक्स नीट करा, मॅक्सवेलची समीकरणं हातात बसली पाहिजेत, नाहीतर पुढे सगळं डोक्यावरून जातं.

मग फ्रान्सिस चेनचं प्लाझ्मा फिजिक्सची ओळख करून देणारं पुस्तक. पहिली आवृत्ती १९७४ची, तिसरी २०१६ची, पण जुनी मिळाली तरी चालेल, फोर्टच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलला चक्कर मारा, नशिबात असेल तर स्वस्तात मिळून जाईल. दुसरं प्रकरण, म्हणजे एकट्या कणाची चाल, हे लोकलमध्ये नुसतं वाचून होत नाही, घरी वही घेऊन बसा आणि ई क्रॉस बी ड्रिफ्ट, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र एकत्र असताना कणांचं आडवं सरकणं, स्वतः काढा. इलेक्ट्रॉन आणि आयन दोघंही एकाच दिशेला, एकाच वेगाने का सरकतात हे एकदा कागदावर उतरलं ना, की खरंच मजा येते! डिबाय लांबीचंही (प्लाझ्मात एखाद्या विद्युतभाराचा प्रभाव जेवढ्या अंतरात झाकला जातो ते अंतर) तसंच, आकडे घालून बघा: तापमान १ इलेक्ट्रॉनव्होल्ट, घनता दर घनसेंटीमीटरला १,००० कोटी इलेक्ट्रॉन, तर उत्तर साधारण ०.०७ मिलिमीटर येतं.

लँडाऊ डॅम्पिंग, म्हणजे कणांच्या टकरी नसतानाही प्लाझ्मातली लाट विरत जाणं, पहिल्यांदा नाही कळत, कुणालाच नाही, सोडून पुढे जा आणि परत या. त्यानंतर पॉल बेलनचं पुस्तक, ते जड आहे पण गणित पक्कं करतं. फिट्झपॅट्रिकच्या नोट्स नेटवर फुकट आहेत, एनआरएलचं (अमेरिकेची नेव्हल रिसर्च लॅबोरेटरी) फॉर्म्युलरी, म्हणजे सूत्रांची पुस्तिकासुद्धा, ते मात्र प्रिंट काढून जवळच ठेवा.